कॅलिफोर्नियाची रान-आयरिस: सारखे विचारले जाणारे प्रश्न

आम्ही राहतो सॅन होजेकडे. दर मार्चमध्ये घरापुढच्या उतारावर ही फुलं फुलली की येणारे-जाणारे, शाळेतल्या मुलांच्या आया, मंडळातले लोक सगळे थांबून विचारतात हे काय, कुठून आणलं, आम्हाला एक गड्डा दे ना. देते मी. आणि मग सप्टेंबरमध्ये त्यातले निम्मे लोक मला पिवळ्या पडलेल्या झाडाचा फोटो पाठवतात, "मेलं गं". तीच तीच उत्तरं टाइप करून कंटाळले म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवते. मी बॉटनीवाली नाहीये, पण गेली बारा वर्षं ही झाडं लावतेय, त्यातली पहिली तीन वर्षं मारण्यातच गेली.

आयरिस म्हणजे ते बुकेत मिळतं तेच ना, निळं?

नाही, ते डच आयरिस, कांद्यासारख्या गड्ड्यातून येतं. लोकांच्या बागेत दिसतं ते मोठं झालरीचं, खालच्या पाकळीवर केसाळ सुरवंट बसल्यासारखी पट्टी असलेलं, ते दाढीवालं आयरिस. आयरिस हा खूप मोठा वंश आहे, जवळपास ३०० जाती, सगळ्या मूळच्या उत्तर गोलार्धातल्या, आणि कूळ तेच जे केशराचं आणि ग्लॅडिओलाचं. मी बोलतेय ते तिसरंच, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जंगलात आपोआप उगवणारं, बिनदाढीचं, गवतासारख्या पानांचं बुटकं झाड. इंग्रजीत ह्याला पॅसिफिक कोस्ट आयरिस म्हणतात, नर्सरीत लेबलवर पीसीआय, पीसीएन, पीसीएच असं काहीही लिहिलेलं असतं. पीसीएच म्हणजे हायब्रिड, दोन जातींच्या संकरातून आलेलं, बाकी दोन्ही एकच.

फूल बघायचं कसं ते सांगते कारण पुढे लागणार आहे. तीन पाकळ्या उभ्या, तीन बाहेर पसरून खाली वाकलेल्या, त्या खालच्या तिघींवर रेघा आणि बहुतेक वेळा मध्ये एक पिवळा ठिपका. तो ठिपका म्हणजे भुंग्यासाठी "इथून आत या" असा बोर्ड आहे. प्रत्येक खालच्या पाकळीवर एक छपरासारखी पट्टी वाकलेली असते, ती पाकळी वाटते पण तो स्त्रीकेसराचा भाग असतो, आणि पुंकेसर त्याच्या खाली लपलेला. भुंगा आत शिरताना पाठीवरचे आधीच्या फुलाचे पराग छपराच्या ओठावर पुसले जातात आणि आत गेल्यावर नवे लागतात. बाहेर येताना ओठाची कोरडी बाजू घासते म्हणून स्वतःचेच पराग स्वतःला लागायचं टळतं. मी एकदा अर्धा तास बसून बघितलंय, चहा थंड झाला.

वर्गीकरणात ही कुठे बसतात?

आयरिस वंश, त्यातला लिम्निरिस हा उपवंश म्हणजे बिनदाढीवाल्यांचा मोठा गट, आणि त्यातली कॅलिफोर्निकी नावाची सिरीज, म्हणजे जवळच्या जातींचा छोटा गट. सगळ्यांची क्रोमोसोम, म्हणजे पेशीतली गुणसूत्रं, ४०. हा ४० आकडा कामाचा आहे, कारण सायबेरियन आयरिस म्हणून जो दुसरा बिनदाढीवाला गट आहे त्यात दोन टोळ्या आहेत, एक २८ वाली आणि एक ४० वाली, आणि ही ४० वाली चीन-हिमालयाकडची. त्या टोळीशी आपल्या कॅलिफोर्नियावाल्यांचा संकर होतो. त्याला कॅल-सिब म्हणतात, फुलं छान येतात पण बी बहुतेक धरत नाही. डीएनए बघून काम झालं त्यातही हे दोन गट जवळचे नातेवाईक निघाले. म्हणजे पॅसिफिकच्या अलीकडे पलीकडे चुलत घराणी.

शेजारीपाजारी उगवतात म्हणून सगळी एकाच सिरीजची असं मात्र नाही. इथेच किनाऱ्यावर आयरिस लाँगिपेटला सापडतं, ते वेगळ्या सिरीजचं. आणि ओरेगनमध्ये एका छोट्या टापूत आयरिस टेन्युइस म्हणून नाजूक पांढरट फूल आहे, ते बरीच वर्षं ह्याच गटात धरायचे, मग ली लेन्झनी दाखवलं की ते तुरेवाल्या, म्हणजे पाकळीवर दाढीच्या जागी तुरा असलेल्या, आयरिसमधलं आहे, त्याची क्रोमोसोमही २८.

हे लेन्झ कोण?

कॅलिफोर्नियात क्लेअरमाँटला रँचो सांता आना बोटॅनिक गार्डन होतं (२०२० पासून त्याचं नाव कॅलिफोर्निया बोटॅनिक गार्डन), तिथले बॉटनिस्ट. १९५८ मध्ये त्यांनी ह्या सगळ्या गटाची नव्याने मांडणी केली आणि १९५९ मध्ये संकरांवर मोठा पेपर लिहिला. आज आपण ज्या जाती मोजतो त्या मुख्यतः त्यांच्या मांडणीवर. त्यांनी डोंगर-डोंगर हिंडून झाडं बघितली आणि दिसलं काय, तर ह्या जाती एकमेकींत सर्रास मिसळतात, त्यांची पोरं नापीकही नसतात, मग त्या वेगळ्या राहिल्या कशा? तर जागेमुळे. एक समुद्रकाठच्या गवतात, एक रेडवूडच्या उंच झाडांच्या सावलीत, एक कोरड्या पाइनखाली, एक सिएरा नेव्हाडा ह्या डोंगररांगेच्या उतारावर. जिथे जंगल तोडलं, रस्ता काढला, गुरं चारली, तिथे दोन जागांमधली भिंत पडली आणि दोन जातींची खिचडी झाली.

हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की झाडाचं नाव कशाला लागतं. नाव म्हणजे पत्ता. पत्ता कळला की पाणी किती घालायचं ते कळलं.

किती जाती आहेत? यादी दे.

११, कोणी एखादी फोडून १२ म्हणतात. सगळ्यांबद्दल सारखं लिहिणार नाही, काही मी फक्त फोटोतच बघितल्यात.

डग्लसियाना. हे पहिलं शिका, नवख्यानी हेच लावा. सांता बार्बराच्या बाजूपासून वर दक्षिण ओरेगनपर्यंत समुद्राच्या काठाकाठाने, खारं वारं खात, कड्यांवरच्या गवतात उगवतं. पानं रुंद, गर्द हिरवी, बुडाशी लालसर, वर्षभर टिकणारी, आणि दांड्याला फांद्या फुटतात म्हणून एका दांड्यावर बरीच फुलं. रंग जांभळ्यापासून पांढऱ्यापर्यंत काहीही. गुरं ह्याला तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुरणात बाकी गवत खाल्लं जातं आणि हे पसरत जातं, तिथले गुरंवाले लोक ह्याला तण म्हणतात. आपण ज्याला वीस डॉलर मोजतो ते त्यांचं तण, असो.

टेनॅक्स सगळ्यात उत्तरेकडचं, वॉशिंग्टनचा नैर्ऋत्य भाग आणि पश्चिम ओरेगन. हिवाळ्यात पानं पूर्ण वाळतात, म्हणून थंडी बर्फ सोसतं. फूल मे-जूनमध्ये. ह्याची एक उपजात उत्तर कॅलिफोर्नियात क्लामाथच्या बाजूला, रंग जर्दाळूसारखा.

इनोमिनाटा म्हणजे शब्दशः "बिननावाचं". दक्षिण ओरेगनच्या डोंगरात लिला लीच ह्यांना सापडलं, लुई हेंडरसननी १९३० मध्ये नाव दिलं, आणि नाव काय तर बिननावाचं. बुटकं, पानं बारीक, फूल सोनेरी आणि त्यावर तपकिरी रेघा, जशी कुणी बोरूनं काढल्यात. नर्सरीतल्या पिवळ्या-केशरी हायब्रिडमध्ये बहुतेक ह्याचं रक्त असतं.

मुंझी हे सिएरा नेव्हाडाच्या दक्षिण पायथ्याशी, टुलारी काउंटीत थोड्याशाच भागात. गटातलं सगळ्यात उंच, आणि रंग असा निळा की त्यात हिरवट झाक येते, मोरपिशीच्या जवळ जाणारा. आज नर्सरीत जी फिरोजी निळी हायब्रिड दिसतात तो रंग इथून आला. पण कडक थंडी सोसत नाही.

मॅक्रोसायफन, अर्थ "लांब नळीचं", ह्याच्यावर खाली लिहिलंय.

फर्नाल्डी फिकं पिवळं, पानं राखाडी हिरवी, सोनोमा आणि सांताक्रूझच्या डोंगरांत. पर्डी रेडवूडच्या जंगलातलं, युकायाचे नर्सरीवाले कार्ल पर्डी ह्यांच्या नावाने ॲलिस ईस्टवुडनी १८९७ मध्ये नाव ठेवलं. शुद्ध पर्डी आता शोधूनच सापडतं, जंगलतोडीनंतर बाकीच्यांत मिसळून गेलं. ब्रॅक्टिआटा कोरड्या पाइनच्या जंगलात, सिस्कियू डोंगरांकडे, दांड्याला लागून छोटी छोटी पानं. क्रायसोफिला ओरेगनकडचं, पांढरट फूल आणि पिवळ्या रेघा. टेन्युइसिमा उत्तर कॅलिफोर्नियातल्या शास्ताकडचं, पाकळ्या फार अरुंद. आणि हार्टवेगी, सिएरा नेव्हाडामध्ये उंचावर, साधारण ६०० ते २३०० मीटर, पानगळीचं. त्याची एक उपजात खाली सॅन बर्नार्डिनोच्या डोंगरांत आहे, ती ह्या गटातली सगळ्यात दक्षिणेची.

रानात दिसलं तर ओळखायचं कसं? सगळी तर सारखीच दिसतात.

रंगावर जाऊ नका. सगळ्यात पहिली चूक तीच. एकाच डोंगरावर एकाच जातीची पांढरी, निळी, पिवळी सापडतील.

नळी बघा. फुलाच्या पाकळ्या आणि खालचा बीजकोश ह्यांच्या मध्ये एक नळी असते, अगदी वेगळी काढून दाखवता येईल अशी. टेनॅक्स, हार्टवेगी, मुंझी, ब्रॅक्टिआटा ह्यांची नळी जेमतेम १ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी. डग्लसियाना आणि इनोमिनाटा मधले, दीड ते तीन. पर्डी, फर्नाल्डी, टेन्युइसिमा त्याहून लांब, तीन ते पाच-सहा. आणि क्रायसोफिला तर १२ सेंटिमीटरपर्यंत जाते.

मॅक्रोसायफनची गंमत इथे आहे. त्याचा दांडा इतका आखूड असतो की बीजकोश पार पानांच्या बुडाशी जमिनीलगत राहतो, आणि दांड्याचं काम ती नळी करते, नळीच फुलाला वर उचलून धरते. नळी वरच्या टोकाला वाटीसारखी फुगते हीपण खूण. बोंड शोधायला मातीत बोटं घालून चाचपावं लागतं.

नळीनंतर बघायचं कळीभोवतीची दोन हिरवी आवरणं समोरासमोर चिकटून आहेत की एक वर एक खाली. दांड्याला पानं किती आणि कशी. पानाच्या बुडाचा रंग. हिवाळ्यात पान टिकतं का. स्त्रीकेसराचा ओठ त्रिकोणी जिभेसारखा आहे की दोन टोकांचा, त्याला भिंग लागतं. आणि एवढं करूनही उत्तर "दोन्हीच्या मधलं काहीतरी" येऊ शकतं, तेव्हा निराश होऊ नका, ते उत्तर बहुतेक बरोबर असतं.

तुझ्याकडची कुठली जात आहे?

बहुतेक हायब्रिड. एक कॅन्यन स्नो आहे, ते पांढरं, मध्ये पिवळा ठिपका, सांता बार्बरा बोटॅनिक गार्डनमध्ये दारा एमरी ह्यांनी निवडलेलं, डग्लसियाना घराण्यातलं. भरवशाचं झाड आहे, पहिलं घ्यायचं तर हे घ्या. दोन फर्नाल्डी बियांपासून केलेली. बाकी रंगीबेरंगी, लेबल हरवलेली.

पाणी किती घालायचं?

ह्या प्रश्नासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

आपल्याकडे पाऊस जूनला येतो, सगळं हिरवं होतं, मग हिवाळा, मग उन्हाळ्यात सगळं वाळून कोळ. इथे उलट. पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू, एप्रिलपर्यंत अधूनमधून, मग मे ते सप्टेंबर एक थेंब नाही. ही आयरिस ह्या वेळापत्रकावर जगतात. पहिल्या पावसाला नवीन पांढरी मुळं फुटतात, हिवाळाभर पानं वाढतात, वसंतात फुलं, जून-जुलैत बोंडं पिकतात, आणि मग झाड झोपतं. हिरवं दिसलं तरी झोपलेलं असतं. आपल्या सह्याद्रीत सफेद मुसळी, रानहळद वगैरे कशी आठ महिने जमिनीत गपचूप पडून राहतात आणि पहिल्या पावसाला कोंब काढतात, तसंच, फक्त कॅलेंडर उलटं.

झोपलेल्या मुळाला उन्हाळ्यात गरम मातीत पाणी मिळालं की ते पाणी मुळं ओढत नाहीत, बुरशी ओढते. बुड मऊ पडतं, पंख्यासारखा पानांचा जुडगा हातात उपटून येतो, आणि मातीत मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर समजा गेलं. ती स्क्लेरोशिअम बुरशी, ते दाणे मातीत वर्षानुवर्षं टिकतात, ती माती खरवडून काढून टाका, कंपोस्टमध्ये टाकू नका.

मी पहिल्या वर्षी ड्रिपच्या टायमरने मारली, लॉनबरोबर एकाच लायनीवर जोडलेली. दुसऱ्या वर्षी टायमर बंद केला, आणि नेमके त्या उन्हाळ्यात बाबा साताऱ्याहून सहा महिने राहायला आले. मी ऑफिसला गेले की रोज संध्याकाळी ऊन उतरलं की बाबा नळी घेऊन उभे. त्यांचं म्हणणं, "अगं एवढ्या उन्हात झाडाला पाणी नाही? पाप लागेल." मी सांगितलं बाबा ह्यांना नको असतं, ते म्हणाले तुला काय कळतंय, साठ वर्षं शेती केलीय. ऑगस्टअखेर अकरापैकी नऊ गेली. बाबांनी एक उपटून बुड हुंगून बघितलं आणि म्हणाले, आल्यासारखं सडलंय. आलं सडतं कशाने ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत, त्या दिवसापासून त्यांनी नळी मोगऱ्याकडे वळवली.

तर आकड्यात सांगायचं तर, लावल्यावर पहिला उन्हाळा दोन आठवड्यांनी एकदा बेताचं पाणी, कारण मुळं अजून खोल गेलेली नसतात. दुसऱ्या वर्षापासून समुद्राजवळ असाल तर उन्हाळ्यात पाणी शून्य चालतं. आतल्या भागात, लिव्हरमोर, सॅक्रामेंटो वगैरे, महिन्यातून एकदा, ते पण संध्याकाळी किंवा थंड दिवशी. हिवाळ्यात पावसाने ओढ दिली तर मात्र घाला, कारण तेव्हाच झाड जागं असतं. लोक बरोब्बर उलटं करतात, जानेवारीत विसरतात आणि जुलैत लाड करतात.

आणि इथेच पत्ता कामाला येतो. डग्लसियाना थोडं जास्त पाणी, चिकण माती, ऊन सगळं खपवून घेतं, समुद्राच्या धुक्यात वाढलेलं आहे ना. हार्टवेगी, मुंझी, मॅक्रोसायफन ही कोरड्या उतारावरची, त्यांना उन्हाळ्यात एक जास्तीची बादली पण खूप झाली.

ऊन की सावली?

समुद्राजवळ पूर्ण ऊन. आत दुपारची सावली हवी, ओकच्या कडेला सकाळचं ऊन मिळेल अशी जागा म्हणजे सोनं. ओकलाही उन्हाळ्यात पाणी नको असतं, त्यामुळे दोघांचं जमतं. दाट सावलीत झाड जगतं पण फुलत नाही.

माती कशी लागते?

किंचित आंबट, पीएच साडेपाच ते साडेसहा. चुना नको, सिमेंटच्या नव्या भिंतीला लागून लावू नका. निचरा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून उतार किंवा उचललेला वाफा. आमची माती काळी चिकण, भेगा पडणारी, अगदी आपल्या देशावरच्यासारखी, मी त्यात बारीक खडी आणि झाडाच्या सालीचा चुरा मिसळून फूटभर उंच वरंबा केला. वरून पाइनच्या सुया पसरा पण बुडापासून थोडं अंतर ठेवून. कुंडीत लावायचं तर खोल कुंडी, आणि खाली बशी नको.

गड्डे कधी फोडायचे? मी मे महिन्यात आणलेलं का मेलं?

कारण मे महिन्यात ते झोपायच्या तयारीत असतं. नर्सरीवाले फूल दिसतं तेव्हा विकतात, कारण गिऱ्हाईक तेव्हाच घेतं. फुलातलं आणलंच तर कुंडीसकट सावलीत ठेवा आणि पावसाळा, म्हणजे इथला, सुरू झाला की जमिनीत लावा.

फोडायची वेळ पहिल्या एक-दोन पावसांनंतर, आमच्याकडे ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर. बुडाशी बोटाने माती उकरून बघा. नवीन पांढरी, जाडसर, बोटाच्या पेरापेक्षा लांब मुळं दिसली की झाड जागं झालंय. नाही दिसली तर माती परत लोटा आणि आठवडाभर थांबा. तारखेवर विश्वास ठेवू नका, मुळांवर ठेवा.

बेट उपटून पाण्याच्या बादलीत ठेवा, माती धुऊन जाऊ दे, मग हातानेच तीन-चार पंखे एकत्र राहतील असे तुकडे करा. एकेकटा पंखा लावला तर बरेचदा टिकत नाही. मधला जुना वाळका कंद टाकून द्या, ही बेटं बाहेर बाहेर सरकत जातात आणि मध्ये टक्कल पडतं. मुळं एक मिनिटही उन्हात वाळू देऊ नका, दाढीवाल्या आयरिसचे गड्डे दोन आठवडे कागदात गुंडाळून पोस्टाने येतात तसं ह्यांचं चालत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून न्यायचं आणि त्याच दिवशी लावायचं. कंद मातीखाली बोटभर, दाढीवाल्यासारखा उघडा नको. मी गड्डा देते तेव्हा हे सगळं सांगते, लोक हो हो म्हणतात आणि डिकीत ठेवून कॉस्टकोला खरेदीला जातात.

बियांपासून येतं का?

येतं, आणि माझ्या मते हाच सोपा मार्ग. बोंड तीन कप्प्यांचं, तपकिरी होऊन टोकाला उकलायला लागलं की काढा, नाहीतर दुसऱ्या दिवशी बिया जमिनीवर. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कुंडीत पेरा, अर्धा इंच खोल, आणि बाहेर पावसात सोडून द्या. त्यांना थंडी आणि ओल एकत्र लागते, घरात हीटरजवळ ठेवून काही होणार नाही. दोन-अडीच महिन्यांत गवतासारखी पाती येतात, इतकी गवतासारखी की माझ्या नवऱ्याने एकदा निंदून टाकली. दोन-तीन पानं झाली की वेगवेगळी लावा. रोपांना पहिल्या उन्हाळ्यात थोडं पाणी लागतंच. फूल दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या वसंतात.

फूल आईसारखं येईल ही अपेक्षा ठेवू नका. शेजारी दोन जाती असतील तर भुंगा कुठून काय आणेल सांगता येत नाही. पांढऱ्याच्या बियांतून मला एकदा विटक्या शाईचा रंग मिळाला, तो आता माझा सगळ्यात आवडता आहे. बी घ्यायचं तर पॅसिफिक कोस्ट नेटिव्ह आयरिसची सोसायटी आहे, अमेरिकन आयरिस सोसायटीचाच भाग, त्यांचं बियांचं एक्स्चेंज चालतं. रानातून खणून आणू नका, पार्कातून तर बीसुद्धा नाही, आणि खणलेलं तसंही जगत नाही.

खत?

जवळजवळ नको. शरदात पातळ थर कंपोस्ट. बस.

कीड, रोग?

बुड सडणं वर सांगितलं, तोच मुख्य. पानावर नारिंगी पावडरीचे ठिपके आले तर तांबेरा, गव्हावर येतो तसाच प्रकार, ती पानं कापून कचऱ्यात. पावसाळी रात्री गोगलगायी कळ्या खातात, टॉर्च घेऊन वेचा. हरणं सहसा हात लावत नाहीत. कुत्रं-मांजर असेल तर कंद चघळू देऊ नका, पोट बिघडतं.

पुण्या-मुंबईत लावता येईल का? आईला पाठवायचंय.

नको. मनापासून सांगते, नको. ह्यांना गरम आणि ओलं एकाच वेळी सोसत नाही आणि आपला जून-जुलै म्हणजे नेमकं तेच. मी हौसेने बिया नेल्या होत्या, हिवाळ्यात रोपं छान आली, महिनाभराच्या पावसात सगळी बसली. हिमालयात आपली स्वतःची रान-आयरिस आहेत, काश्मिरियाना, कुमाऊंच्या नावाचं केमाओनेन्सिस, हुकेरियाना वगैरे, पण तीसुद्धा डोंगरातच शोभतात. सह्याद्रीत रान-आयरिस नाही. आईला त्याच कुळातलं काही हवं असेल तर ग्लॅडिओला आहेच, वॉकिंग आयरिस कुंडीत मस्त येतं, आणि ते केशरी ठिपक्यांचं लेपर्ड लिली, ते पूर्वी बेलमकांडा होतं, २००५ मध्ये त्याला आयरिसमध्ये घेऊन आयरिस डोमेस्टिका नाव दिलं. म्हणजे कागदोपत्री तेही आयरिसच.

आणि न्यू जर्सी, टेक्सास, लंडन, मेलबर्न?

न्यू जर्सी, टेक्सास अवघड, दमट उन्हाळा नडतो. लंडनला आंबट मातीत चांगली येतात. मेलबर्न, न्यूझीलंडला छान, फक्त महिने सहाने पुढे ढकला. ओरेगनला हिल्सबरो-बीव्हर्टनकडे इंटेलमुळे आपले खूप लोक आहेत, त्यांनी टेनॅक्सच लावा, त्याचं ते माहेर.

रानात बघायला कुठे जायचं?

पॉइंट रेयेसच्या कड्यांवर डग्लसियाना, मार्च ते मे. माउंट टॅमल्पायसला डग्लसियाना आणि मॅक्रोसायफन दोन्ही. सॅन ब्रुनो माउंटनवर डग्लसियाना आणि ते दुसऱ्या सिरीजचं लाँगिपेटला, तुलना करायला बरं. चालायचा कंटाळा असेल तर बर्कलीला टिल्डनमध्ये रीजनल पार्क्सचं बोटॅनिक गार्डन आहे, फक्त कॅलिफोर्नियाची झाडं, पाट्या लावलेली. सासू-सासऱ्यांना घेऊन जायला सोयीचं.

पानांचा दोर करायचे हे खरं का?

खरं. टेनॅक्स ह्या नावाचा अर्थच चिवट. डेव्हिड डग्लस म्हणून स्कॉटिश माणूस होता, डग्लस फर ज्याच्या नावाने आहे आणि डग्लसियाना पण, १८२० च्या दशकात इकडे झाडं गोळा करत हिंडला, त्याने बघितलं की इथले मूळ लोक ह्या पानांच्या धाग्यांची मासे धरायची जाळी आणि हरणांचे फास करतात. पुढे १८३४ मध्ये हवाईत तो स्वतःच जनावरं पकडायच्या खड्ड्यात पडून मेला. उत्तर कॅलिफोर्नियातले युरोक, कारुक, हुपा लोक मॅक्रोसायफनचा दोर वळायचे. आपण घायपाताचा वाख काढतो तसंच, पण घायपाताच्या एका पानात किती वाख निघतो, आणि ह्याच्या एका पानात कामाचे धागे फक्त दोन, दोन्ही कडांना एकेक. अंगठ्याला शिंपल्याची नखी लावून बाकीचं पान खरवडून काढायचं. बाबांना हे सांगितलं तर ते लहानपणी विहिरीवर वाख धुवायचे ते आठवून एक पान घेऊन बसले, नखाने खरवडत. धागा निघाला, बारीक, रेशमासारखा, आणि ओढून तुटेना.

फूल किती टिकतं? देवाला चालतं का?

एक फूल तीन-चार दिवस, पण एका दांड्यावर दोन-तीन कळ्या पाठोपाठ उमलतात आणि बेट मोठं असेल तर महिनाभर बहर राहतो. फुलदाणीत फार नाही टिकत, कळी असताना काढलं तर बरं. देवाला मी वाहते, पाडवा मार्च-एप्रिलमध्ये येतो आणि बहर तेव्हाच असतो, गुढीला इकडे कडुनिंब मिळायची मारामार म्हणून आम्ही साखरेच्या गाठीशेजारी हेच बांधतो, संध्याकाळपर्यंत ते जरा मलूल होतं.

गड्डा कधी देतेस?

पहिला पाऊस पडू दे. मग मी बुडाशी उकरून बघेन. बादली घेऊन या, डिकीत टाकून कॉस्टकोला जायचं असेल तर येऊ नका.